नाकवाल्या ताई

संगणकाच्या बाजारातल्या त्या गल्लीत एकापेक्षा एक मोठ्या पाट्या होत्या. ताईंच्या दुकानाला पाटी नव्हती. जिन्याखालची तिरकी जागा, उंच माणसाला आत शिरताना मान तुकवावी लागेल अशी. तिच्यात एक लांब टेबल, दोन स्टुलं, सोल्डरिंगचं सामान, एक मीटर आणि फळीवर बसवलेला एक साधा बल्ब. तरी नवखा माणूस कधी चुकत नसे. बंद पडलेला पॉवर सप्लाय हातात घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला, की कुणी ना कुणी सांगेच, “सरळ जा, जिन्याखाली नाकवाल्या ताई बसतात.”

पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाच्या पाठीतला तो पंख्याचा लोखंडी डबा. भिंतीतली वीज आत घेतो आणि बाकीच्या मंडळींना सोसेल एवढीच वाटून देतो. हा डबा गेला की बाकी सगळं धडधाकट असूनही संगणक ढिम्म हलत नाही. बहुतेक जण जुना टाकून नवा बसवतात. पण ज्यांची यंत्रं जुनी, ज्यांचा डबा आता कुठे मिळतच नाही, ते ताईंकडे यायचे.

ताई डबा हातात घ्यायच्या, पंख्याच्या जाळीला नाक लावायच्या आणि डोळे मिटून हुंगायच्या, खरबूज पारखणाऱ्या माणसासारख्या. कॅपॅसिटर गळला असेल तर शिळ्या मासळीसारखा वास. ट्रान्सफॉर्मरचं वार्निश तापलं असेल तर करपलेल्या साखरेसारखा. रेझिस्टर जळला असेल तर घशाशी येणारा कडवट. स्क्रू काढायच्या आतच त्या सांगून मोकळ्या व्हायच्या, आणि मीटर हातात घ्यायच्या तो नाकाचं म्हणणं पडताळून बघायला. शेजारचा प्रिंटरवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, “दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारे पुष्कळ बघितले, पण त्यावर पोट भरणाऱ्या या एकट्याच.”

हे नाक त्यांचं त्यांनाही उशिराच कळलं होतं. लग्नाआधी त्या असेच डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होत्या. तिथे शेवटच्या टेबलावर प्रत्येक डब्यावर विजेचा पूर्ण भार टाकून तो तापू देत आणि कुठला बिघडतो ते बघत. एकदा ताईंनी एक डबा नुसत्या वासावरून बाजूला काढला, आणि थोड्याच वेळात त्यातून धूर निघाला. तेव्हापासून सुपरवायझरनं त्यांना त्या टेबलावरून उठू दिलं नाही. पुढे कारखाना बंद पडला, बरोबरच्या पोरी दाही दिशांना पांगल्या, आणि ताईंनी जिन्याखाली टेबल मांडलं.

त्यांचे यजमान एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. ताईंचे यजमान म्हणून सगळा बाजार त्यांना भाऊजी म्हणे. लग्न झालं तेव्हा भाऊजींच्या केसांना, कपड्यांना पुस्तकं चिकटवायच्या खळीचा आणि शाईचा वास असायचा. नव्या नवरीनं नाक मुरडलं होतं आणि आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसायचं नाही असा नियम घातला होता. भाऊजींनी तो मुकाट्यानं पाळला. छापखाना बंद झाला, त्यांचा गुडघा धरला, आणि ते घरी बसले. नियम मात्र चालू राहिला, कारण तो मोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग ताईंना एक ताप आला. आठवडाभर अंथरुणात होत्या, उठल्या, कामाला लागल्या. अन्नाला चव लागत नव्हती, पण तापानंतर तोंड कडू असतंच, असं म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

एका फोटो स्टुडिओतून डबा आला. संगणक मध्येच बंद पडतो, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होतो, अशी तक्रार होती. ताईंनी जाळीला नाक लावलं. काही नाही. अगदी स्वच्छ. त्यांनी स्टुडिओवाल्याला सांगून टाकलं, की सप्लाय ठणठणीत आहे, दोष बोर्डात असेल, तिकडे दाखवा. तेवढ्यात प्रिंटरवाला स्क्रूड्रायव्हर मागायला आला आणि दारातच थबकला. “ताई, आत उंदीर मेलाय का काय?”

ताईंनी डबा उघडला. कॅपॅसिटरांच्या मुळाशी तपकिरी चिकट ओघळ आले होते, त्यांतल्या दोघांची टाळकी फुगली होती. त्यांनी वाकून अगदी जवळ नाक नेलं. काचेला नाक लावावं तसं झालं.

स्टुडिओवाल्याला त्यांनी काहीतरी सांगून सावरलं आणि त्या दुपारीच घरी गेल्या. भाऊजी बाहेरून पाणी भरून आले, तर स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडे पडलेले. लवंग, कॉफी, साबणाची वडी, काड्यापेटी. आणि ताई जमिनीवर बसलेल्या, हातात बुटाच्या पॉलिशची डबी.

“अहो,” ताई म्हणाल्या, “मला वासच येत नाहीये.”

“सर्दी असेल.”

“नाक मोकळं आहे. वारा आत जातोय, बाहेर येतोय. रिकामा.”

डॉक्टरांनी तपासलं. तापानं कधी कधी असं होतं, म्हणाले, वासाच्या नसा दुखावतात. येईलही परत, सांगता येत नाही. चार वेगवेगळ्या वासांच्या बाटल्या करा, सकाळ-संध्याकाळ हुंगा आणि तो वास आठवायचा प्रयत्न करा. नाकाला पुन्हा बाराखडी शिकवायची, असं समजा. ताईंनी बाटल्या केल्या. डॉक्टरांनी लिंबू आणि लवंग सांगितली होती; ताईंनी त्यांच्या जोडीला एक गळका कॅपॅसिटर आणि जळक्या वार्निशचा तुकडाही बाटलीत घातला. भाऊजी म्हणाले की डॉक्टरांना हे सांगू नकोस.

बाजाराला मात्र कळू द्यायचं नाही, असं ताईंनी ठरवलं. ज्या नाकाच्या नावानं दुकान चालतं तेच गेलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तेव्हा दुसऱ्या दिवसापासून भाऊजी दुकानात येऊन बसू लागले. घरी करमत नाही, असं बाहेर सांगितलं. प्रिंटरवाल्यानं डोळे मिचकावून विचारलं, की इतक्या वर्षांनी ताईंवर पहारा ठेवायची वेळ आली का? भाऊजी नुसते हसले.

गिऱ्हाईक गेलं की ताई डबा त्यांच्यापुढे धरत. पण भाऊजींचं नाक म्हणजे आनंदच होता.

“जळका,” ते म्हणायचे.

“कसला जळका? दूध करपतं तो वेगळा, केस जळतात तो वेगळा.”

“जळका म्हणजे जळका. मी काय तुझ्यासारखा शिकलोय?”

पहिल्या काही दिवसांत ताईंच्या नाकी नऊ आले. भाऊजी जे सांगत त्यावरून काही बोध होईना, आणि ताई चिडल्या की ते आणखीच गप्प होत. मग एके दिवशी एक डबा हुंगून त्यांनी कपाळाला आठी घातली आणि सावकाश म्हणाले, “खळ रात्रभर उघडी राहिली ना, की सकाळी वर साय धरते. ती साय काढताना जसा येतो, तसा. आंबूस.” ताईंनी डबा उघडला. कॅपॅसिटर गळला होता. त्यानंतर त्यांनी भाऊजींना आपले शब्द शिकवायचं सोडून दिलं आणि स्वतःच त्यांचे शिकल्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा म्हणजे आत पाणी गेलंय. छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्राचा पट्टा घसरायचा तसा म्हणजे पंखा अडकून मोटर तापलीय. असं करत त्यांचं दुकान पुन्हा रांगेला लागलं.

काम निभत होतं. पण टेबलावरून उठल्यावर जे होतं त्याला शब्द नव्हता. स्वतःच्या घराचं दार उघडून आत पाऊल टाकलं की ते घर त्यांना आपलं वाटेना. सगळं जागच्या जागी होतं, फक्त कुणा दुसऱ्याच्या घराचा फोटो बघावा तसं. आईची एक शाल पेटीच्या तळाशी होती. वर्षातून एखादे वेळी ती काढायची, तोंडाशी धरायची आणि परत ठेवायची, एवढाच तिचा उपयोग. ताईंनी ती काढली, तोंडाशी धरली. लोकर टोचली, बस. आई गेली तेव्हा त्या कामाच्या गडबडीत फारशा रडल्या नव्हत्या. आता शाल मांडीवर घेऊन बराच वेळ रडल्या.

एकदा त्यांनी भाऊजींना खळ आणायला सांगितली. का, ते सांगितलं नाही. भाऊजी जुन्या ओळखीतल्या एका बाइंडरकडे जाऊन डबीभर घेऊन आले. ताई डबी धरून बसल्या.

“तुमच्या केसांना हाच यायचा ना?”

“हाच. तुला आवडायचा नाही.”

“नव्हताच आवडत,” ताई म्हणाल्या आणि पुन्हा डबीत नाक घातलं. भाऊजींच्या अंगाचा तो वास छापखान्याबरोबरच कधीतरी गेला असणार. नाक शाबूत होतं तेव्हाच गेला असणार. कधी गेला, ते त्यांना काही केल्या आठवेना.

भाऊजींना गुडघ्यासाठी दवाखान्यात जायचं होतं, त्या दिवशी ताई एकट्याच दुकानात होत्या. दुरुस्त केलेला एक डबा त्यांनी नेहमीप्रमाणे आधी फळीवरच्या बल्बातून जोडला. आत कुठे शॉर्ट असलं तर हा बल्ब लख्ख पेटतो आणि डबा वाचतो. बल्ब मंद झाला, म्हणजे ठीक. मग त्यांनी डब्यावर भार टाकला, मीटर लावला. आकडे जिथल्या तिथे. पाठ फिरवून त्या दुसऱ्या डब्याचे टाके घालू लागल्या. पंखा घरघरत होता. प्रिंटरवाला धावत आला, त्यांना ओलांडून भिंतीतला प्लग खेचला आणि मगच बोलला. टेबलामागे तारांचं वेटोळं वितळून टेबलाच्या लाकडाला चिकटलं होतं. गल्लीच्या टोकापर्यंत घाण सुटली होती, आणि ताई हातभर अंतरावर बसून निवांत सोल्डर करत होत्या.

प्रिंटरवाल्यानं एकदा तारांकडे बघितलं, एकदा ताईंकडे. गेले काही महिने भाऊजी तिथे का बसतात, ते त्याला कळलं असावं. त्यानं स्टूल ओढलं आणि बसला.

“केव्हापासून?”

ताईंनी सगळं सांगितलं. बोलताना नजर वितळलेल्या तारेवर ठेवली. प्रिंटरवाला एरवी तोंडाचा पट्टा सोडणारा माणूस, पण त्यानं एकही विनोद केला नाही. मला वाटलंच होतं, असंही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, की भाऊजी नसतील त्या दिवशी भिंतीवर दोनदा ठोका, मी येऊन हुंगून जाईन. आणि जाताना चहा पाठवला.

बातमी बाजारात पसरायची ती पसरलीच. काही जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली, बाकीची राहिली. ताईंनी कामाची पद्धत बदलली. डबा भारावर ठेवला की पाठ फिरवायची नाही. मधूनमधून वीज काढायची, मोठ्या कॅपॅसिटरात साठलेली वीज उतरवायची आणि मग एकेका भागावर बोट ठेवून तो किती तापलाय ते बघायचं. पूर्वी एका श्वासात कळायचं त्याला आता अर्धा दिवस लागे. नाव मात्र तेच राहिलं. नवा माणूस गल्लीच्या तोंडाशी आला की अजूनही त्याला नाकवाल्या ताईंकडेच पाठवत.

त्यांची एकुलती एक लेक दूरच्या गावी असे. तिच्या बाळंतपणाला ताईंना जाता आलं नव्हतं. तापानंतर इतक्या लांबचा प्रवास नको, असं त्यांना डॉक्टरांनीच बजावलं होतं. लेकीला त्यांनी नाकाचं सांगितलं नव्हतं. पोटुशी पोर, उगीच तिच्या जिवाला घोर कशाला. मग बाळ जरा मोठं झाल्यावर लेक स्वतःच आली. टॅक्सीतून उतरली आणि चपला काढायच्या आधी तिनं नात ताईंच्या हातात दिली.

ताईंनी तिला उरापाशी धरलं. ऊब आली, वजन आलं, मुठीनं पदर पकडला तेही कळलं. त्यांनी टाळूवर नाक टेकवलं आणि दीर्घ श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

“सांग ना आई,” लेक म्हणाली, “कसला वास येतो तिला? मी तुझ्याकडून ऐकायची वाट बघतेय.”

“दुधाचा,” ताई म्हणाल्या.

लेक हसायला लागली. “अगं, निघताना सगळी पावडरची डबी तिच्या अंगावर सांडलीय. टॅक्सीवाला शिंकून शिंकून बेजार झाला. आणि तुला दुधाचा येतोय?”

ताईंनी पुन्हा टाळूवर नाक टेकवलं. लेकीचं हसू हळूहळू थांबलं. तिनं बापाकडे बघितलं. भाऊजींनी मान हलवली, तेव्हा ती खाली बसली आणि मला का नाही सांगितलं, मला का नाही सांगितलं, एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाला आंघोळ घालून लेक जरा पडली. नात ताईंच्या मांडीवर झोपली होती. भाऊजी खिडकीशी पेपर वाचत होते. ताईंनी त्यांना हाक मारली.

“अहो, इकडे या. हिला हुंगा, आणि मला सांगा.”

भाऊजींनी चष्मा काढला. गुडघा सांभाळत खाली बसले, वाकले, आणि नातीच्या कानामागे नाक नेऊन बराच वेळ तसेच राहिले. दुकानात त्यांना आता शब्द पटकन सापडत. इथे सापडेनात.

“नवा कागद?” ताईंनी विचारलं.

“छे. कागद कोरडा असतो.”

“साबण?”

“साबण वरवर आहे. त्याच्या खाली.” त्यांनी पुन्हा हुंगलं. मग नातीकडेच बघत म्हणाले, “तू पूर्वी सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपून उठायचीस ना, तेव्हा तुझ्या मानेला यायचा, तसा.”

आयुष्यभर त्यांनी जगातल्या प्रत्येक वस्तूला नाक लावलं होतं. आपल्याला स्वतःला काही वास असेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि छापखान्यातला हा माणूस, ज्याला जळक्या-जळक्यातला फरक कळत नव्हता, तो इतकी वर्षं हे जवळ ठेवून होता.

“कधी बोलला नाहीत.”

“तू कुठे विचारलंस?” भाऊजी म्हणाले.

लेक परत गेली तेव्हा ताईंनी नातीचं न धुतलेलं एक झबलं मागून घेतलं. बोर्ड ज्या रुपेरी पिशव्यांतून येतात तशी एक पिशवी दुकानातून आणली, झबलं त्यात घातलं, हवा दाबून काढली आणि तोंड चिकटपट्टीनं बंद केलं. नाक परत आल्यावर उघडायचं. लहान मुलांचा वास काही महिन्यांत बदलतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणूनच तर घाई केली होती.

नाक आलं, पण अर्धवट. वर्ष उलटता उलटता एके दिवशी सोल्डरिंगचा धूर त्यांना हलकासा टोचला. मग रॉकेल, मग पॉलिश. जे झोंबतं ते येऊ लागलं. जे हळू असतं ते आलं नाही. डॉक्टर म्हणाले की एवढं आलं हेही पुष्कळ, बाकीचं आता येईलसं वाटत नाही. घरी आल्यावर ताईंनी पिशवी उघडली आणि भाऊजींपुढे धरली.

भाऊजींनी हुंगलं. “आहे अजून,” ते म्हणाले.

टेबलावर ते ताईंशी कधी खोटं बोलले नव्हते. तिथे खोटं बोलून चाललंच नसतं. इथलं ताईंना ठरवता येईना. त्यांनी खोदून विचारलं नाही. झबलं घडी घालून कपाटात ठेवलं, आणि पिशवी दुकानात परत नेली.

लेक आता आठवड्यातून एकदा फोन करते. नात काय खाते, किती पडते, काय बोलते, हे सगळं सांगून झालं की शेवटी आपणहून सांगते, आज कसला वास येतोय ते. कधी मातीचा, कधी खोडरबराचा. लेकीचं नाक ताईंवर गेलंय. ती एकेक गोष्ट अशी सोडवून सांगते, की ताई हातातलं काम ठेवून भिंतीला टेकतात.

परवा लेक आणि नात येऊन गेल्या. नात आता पळते, मांडीवर ठरत नाही. दुकान बघायचं म्हणून तिला जिन्याखाली आणलं, तर तिनं फळीवरचा बल्ब मागितला, मग सगळे पंखे फिरवून बघितले. प्रिंटरवाल्यानं तिला रंगीत कागद दिला. ताईंनी एका क्षणी तिला धरलं, उचलून घेतलं आणि मानेपाशी तोंड नेलं. काहीतरी आहे असं वाटलं. मग वाटलं, आपण समजूत करून घेतोय. तरी त्या हलल्या नाहीत. नात पाय झाडू लागली, “आजी, सोड ना,” म्हणाली.

“थांब जरा,” ताई म्हणाल्या. “अजून थोडं थांब.”

पण ती थांबणाऱ्यातली नव्हती. हातांतून निसटली आणि गल्लीत, उन्हात, आईकडे पळाली.